बाळ ठणठणीत आहे, मग मलाच का रडू येतं?

अवघड बाळंतपणातून गेलेल्या कितीतरी जणी हेच विचारतात, आणि विचारून झालं की अपराध्यासारखी मान खाली घालतात.

इंदूरच्या रामबागेतली एक तरुणी सासूबाईंबरोबर माझ्याकडे आली. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) बत्तिसाव्या आठवड्यात बीपी १७०/११० वर गेलं आणि पूर्ण भूल देऊन तातडीने सिझेरियन करावं लागलं. मुलगा आता सात महिन्यांचा. पण दंडाला बीपीचा पट्टा आवळला की तिला अजून दरदरून घाम फुटायचा.

"अंग आतून पेटलं होतं, ताई. आणि बाळ रडलंच नाही."

"झालं गेलं कशाला उगाळायचं?" सासूबाई म्हणाल्या.

हा सल्ला घरोघरी मिळतो आणि सहसा लागू पडत नाही. जिवावर बेतलेला प्रसंग अनेकदा सलग आठवत नाही. चटका, आवाज, वास असे सुटे तुकडे राहतात आणि ते आत्ता घडल्यासारखे अंगावर येतात. ते पुसायच्या मागे लागू नये, क्रमाने लावावेत, या मताची मी आहे.

दवाखान्यातून केसपेपरची प्रत मागवायला सांगितली. मागितल्यावर ती ७२ तासांत द्यावी, असं २००२ चे वैद्यकीय नियम सांगतात. वाचताना नवराही होता. झटके येऊ नयेत म्हणून शिरेतून मॅग्नेशियम सल्फेट दिल्याची नोंद निघाली. त्या औषधाने अंगातून गरम लाट जाते, हे सांगितल्यावर ती एकदम गप्प झाली. पुढे लिहिलं होतं: बाळ जन्मताच रडलं.

"खरंच रडला होता?"

"मी बाहेर ऐकलं की! तुला माहीत असेल असंच धरून चाललो."

मग ती पोटभर रडली. माझ्या समजावण्याने जे झालं नसतं ते त्या ओळीने केलं. फक्त ती तिच्यापुढे कधी ठेवायची, हे कळावं लागतं.

असे तुकडे क्रमाने लावायला घरी लिहून काढायचं तर दिवसा, कुणी जवळ असताना, वीसेक मिनिटं. सुरुवात दवाखान्यात निघाल्यापासून, शेवट आजच्या तारखेवर. सगळं एका बैठकीत नको. छाती धडधडली की थांबा, पावलं फरशीवर टेकवा, समोरच्या पाच वस्तूंची नावं मोठ्याने घ्या. घरच्यांनी खोदून खोदून विचारलं तर त्रास वाढतो.

सुरुवातीचं रडवेलेपण साधारण दोन आठवड्यांत ओसरतं. महिन्यानंतरही दचकून उठणं, दवाखाना टाळणं चालू असेल तर मदत घ्या. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार आले तर त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ गाठा. टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर रात्रंदिवस चालतो.

पट्ट्याच्या भीतीने बीपी तपासणं मात्र सोडू नका, कारण गरोदरपणात बीपी असं वाढलं असेल तर पुढे रक्तदाबाचा धोका जास्त असतो. सिस्टरना आधीच सांगून ठेवा, पाच मिनिटं टेकून बसा, आणि पहिला आकडा जास्त आला तर थोड्या वेळाने पुन्हा मोजायला सांगा.