बीटीवर गुलाबी बोंडअळी: कंपनी बदलून काही होणार नाही

दादा, वरून टच्च हिरवं बोंड, फोडलं की आत गुलाबी अळी आणि पोखरलेली सरकी. तुमच्या कापसाचं हे वाचून मला माझा २०१७ चा दुसरा वेचा आठवला. तुम्ही विचारलंय, 'अळीला बीटीची सवय झाली का? दुसऱ्या कंपनीचं बियाणं घेऊ का?' बीटी म्हणजे अळीला मारणारं विष स्वतःच्या अंगातच तयार करणारा कापूस.

सवय हा शब्द आधी डोक्यातून काढा. बीटी खाऊन खाऊन कोणतीच अळी कणखर होत नाही. साधी अळी खाते आणि मरते. पण हजारो-लाखोंत एखादी जन्मतःच अशी असते, की ते विष तिच्या आतड्याला नीट चिकटतच नाही. बाकीच्या मेल्या की रान तिचंच. जोडीदारही तसाच वाचलेला, मग पिल्लंही तशीच. महिना-सव्वा महिन्यात नवी पिढी. नैसर्गिक निवड म्हणतात ती हीच, आपल्याच वावरात चाललेली.

माझी चूक सांगतो. ४५० ग्रॅमच्या बियाण्यासोबत १२० ग्रॅम बिगर-बीटीचं पाकीट यायचं. दुकानदार म्हणायचा, 'ते कामाचं नाही.' मी ते कित्येक वर्षं धुऱ्यावर फेकलं. त्या साध्या पऱ्हाटीवर (कापसाच्या झाडावर) साध्या अळ्या जगून त्यांचे पतंग होतात, बीटीवरून वाचलेल्या पतंगांशी त्यांचा जोड लागतो, आणि ती पिल्लं बीटीवर बहुतेक मरतात, कारण तो गुण आई-बाप दोघांकडून यावा लागतो. ॲरिझोनातल्या शेतकऱ्यांनी बिगर-बीटीचे असे पट्टे राखले, तिथे बीटी टिकली. पुढे वांझ पतंगही सोडले, आणि २०१८ मध्ये अमेरिकेने कापूस पट्ट्यातून ही अळी संपल्याचं जाहीर केलं.

नुकसानीचा अर्ज घेऊन ज्या कार्यालयात मी तीन चकरा मारल्या, तिथेही उत्तर एकच, 'पुढच्या वर्षी कंपनी बदला.' याचा मला आजही संताप येतो. पाकिटावरचं नाव बदलतं, आत अळी मारणारी क्राय१एसी आणि क्राय२एबी हीच दोन प्रथिनं! त्या बिगर-बीटी पाकिटाचा उपयोग सांगायला दोन मिनिटं लागली असती.

मी कृषितज्ज्ञ नाही, तुमची जमीन-पाणी वेगळं असेल. पण माझं मत ठाम आहे, फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही जास्तीच्या वेच्यासाठी उभं ठेवलेलं पीक, ठेवूच नका. ही अळी जवळजवळ फक्त कापसावर जगते, डिसेंबरअखेर रान मोकळं केलं तर तिची उपासमार होते. कामगंध सापळ्यात (मादीच्या वासानं नर पतंग ओढणाऱ्या) सलग तीन रात्री आठ-आठ पतंग आले तरच फवारा, आणि तोंड-हात झाकून. २०१७ मध्ये यवतमाळात फवारणीनं माणसं गेली. आता बिगर-बीटी बी पाकिटातच मिसळून येतं, ते निवडून काढू नका. आणि पऱ्हाट्या धुऱ्यावर रचून ठेवू नका, उरलेल्या बोंडांत अळी झोपून राहते.