दौऱ्यावरचा मुक्काम

प्रश्न : आमचा आठ जणांचा नाट्यसंच आहे. दौऱ्यात एका छोट्या गावी एक प्रयोग करून पुढे न जाता तीन आठवडे राहायचं आणि गावातल्यांना घेऊन काही बसवायचं ठरवलंय. आखणी कशी करावी?

उत्तर : तुमचा तयार प्रयोग पहिल्या चार दिवसांतच करा. तो शेवटासाठी राखून ठेवावासा वाटतो, पण काम पाहिल्याशिवाय लोक नुसती नावं नोंदवतात, येत नाहीत. मग आठवड्याला पाच संध्याकाळी, दोन-दोन तास तालीम. एका गटात पंधरापेक्षा जास्त जण नकोत.

गळती लागते ती दुसऱ्या आठवड्यात. सुरुवातीच्या खेळांची मजा ओसरलेली असते, नाटक उभं राहिलेलं नसतं, आणि आपल्या वाट्याला काय येणार याचा पत्ता नसतो. म्हणून सहाव्या तालमीपर्यंत ज्याचं काम त्याच्या हातात द्या. चार-पाच मिनिटांचे सुटे प्रवेश बांधा, प्रत्येकात पाच-सहा माणसं. एखादा आला नाही तर त्याची दोन वाक्यं शेजारचा सहज उचलतो. मोठी भूमिका एकावर टाकलीत तर सगळंच अडतं.

सभागृह महिनाभर आधी स्वतः जाऊन पाहा. २३० व्होल्टला १६ अँपिअरच्या सर्किटवर साधारण ३,६०० वॅट चालतात, म्हणजे १,००० वॅटचे तीनच दिवे. चौथा लावला आणि त्याच तारेवर विंगेतल्या कुणी किटली जोडली, की थोड्या वेळाने एमसीबी (जादा भार आला की वीज तोडणारा खटका) पडतो, बहुधा ऐन प्रवेशात. नाच असेल तर काँक्रीटवर नुसतं व्हिनाइल (नाचासाठीचं प्लास्टिकचं अंथरूण) घालून भागत नाही. ते घसरणं थांबवतं, उडीचा दणका शोषत नाही. नडग्या दुखू लागतात. खाली लवचिक लाकडी तळ हवाच.

तुमच्या प्रयोगाच्या दिवशी तुमच्यातल्या मोठी भूमिका असलेल्याला शिकवायला लावू नका, आवाज बसतो.

प्रश्न : गावकऱ्यांनी सांगितलेल्या आठवणी नाटकात घेता येतील का?

उत्तर : घ्या, पण लिहिलेला भाग तालमीआधी त्या व्यक्तीला घरी जाऊन वाचून दाखवा. सर्वांसमोर विचारलंत तर भिडेपोटी होकार मिळतो. नाव बदलून पुरत नाही. छोट्या गावात प्रसंगावरूनच माणूस ओळखू येतो. रंगीत तालमीपर्यंत नकार द्यायची मुभा ठेवा, आणि तेवढा प्रवेश गाळूनही नाटक उभं राहील असं बांधा.