रोजचे निर्णय डोक्यावर बसतात तेव्हा

डब्याला काय, बर्डीच्या बाजारात आज जायचं की रविवारी, कुलर कोणता: असे वीस प्रश्न एकत्र डोक्यात फिरले की कोणताच सुटत नाही. म्हणून आधी सगळे कागदावर उतरवा. प्रत्येकापुढे एकच खूण करा: चुकलं तर बदलता येईल की नाही. भाजी, कपडे, रस्ता हे बदलता येणारे; त्यांना दोन मिनिटं, मोबाईलवर टायमर लावूनच.

मोठ्या खरेदीत गोंधळ होतो तो पर्याय आधी आणि निकष नंतर ठरवल्यामुळे. कुलर घ्यायचा तर दुकानात जाण्यापूर्वी तीनच गोष्टी लिहा: खोलीचं माप, जास्तीत जास्त किती पैसे घालायचे, घराजवळ दुरुस्ती होते का. या तिन्हींत बसणारा पहिला कुलर घ्या. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ हर्बर्ट सायमन यांनी 1956 मध्ये हेच मांडलं: सर्वोत्तम शोधत बसण्यापेक्षा पुरेसं चांगलं ते निवडलं जातं. घेतल्यावर मात्र दुसरीकडचे भाव बघू नका, सगळी घालमेल तिथूनच पुन्हा सुरू होते. सल्लाही एकालाच विचारा, पाच जणांना नाही.

आठवड्याच्या भाज्या रविवारीच ठरवून टाका.

नागपूरच्या मे महिन्यात उकाड्याने झोप मोडते, आणि अपुऱ्या झोपेत साधी निवडही जड जाते. पैशाचे निर्णय सकाळी, खाऊन झाल्यावर घ्या. छाती धडधडली तर चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, पाच मिनिटं.

दोन आठवडे झोप, भूक बिघडलेलीच असेल तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर फोन करा. मोफत आहे, चोवीस तास, मराठीतही बोलतात.