ट्रॉम्सोला नॉर्दर्न लाइट्ससाठी डिनर क्रूझ घ्यावी का? घ्या, पण जेवायला आत बसू नका

तुमचा प्रश्न असा आहे: मार्चमध्ये आई-वडिलांना (वय 68 आणि 72) घेऊन नॉर्वेत ट्रॉम्सोला चाललो आहोत, नॉर्दर्न लाइट्स बघायला संध्याकाळची डिनर क्रूझ घ्यावी की बसची टूर, आणि क्रूझचे पैसे वसूल होतात का?

क्रूझच घ्या. साठी-सत्तरीची माणसं बरोबर असताना बसचा विचारसुद्धा करू नका. आणि पैसे वसूल होणं हे जेवणावर अवलंबून नाही, हे आधीच सांगते, कारण जेवणानेच आमच्या बोटीवरच्या निम्म्या लोकांची संध्याकाळ खाल्ली.

मी 2024 च्या मार्चमध्ये आईला घेऊन गेले होते. आई तेव्हा 71 वर्षांची. मी पुण्यात असते, आई दादाकडे सांगलीला. माझी लेक स्वीडनमध्ये गोथेनबर्गला शिकत होती, तिने सुट्टी जुळवली आणि आम्ही तिघी ट्रॉम्सोला भेटलो. दादाचा पहिल्या दिवसापासून विरोध होता. त्याचं म्हणणं, एवढ्या थंडीत म्हाताऱ्या माणसाला नेणं हा वेडेपणा आहे, एवढ्या पैशात गावाकडच्या घरावर नवीन पत्रे पडतील, आणि सगळ्यात जोरात म्हणजे, "डोळ्यांना तिथे काही दिसतच नाही गं, सगळी कॅमेऱ्याची करामत असते." हे वाक्य त्याने आईसमोर किमान दहा वेळा म्हटलं असेल.

तारीख मी पंचांग बघून काढली होती, आणि हे तुम्हीही करा. केपीचा आकडा (पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात किती खळबळ आहे त्याचं माप) काय येणार ते तीन महिने आधी कोणीही सांगू शकत नाही, पण चंद्र कधी नसेल ते कालनिर्णयात छापलेलं असतं. शुक्ल पक्षातल्या दशमी-एकादशीला तिकडे बर्फावर चांदणं इतकं पडतं की फिकट अरोरा, म्हणजे नॉर्दर्न लाइट्सच, त्यात विरून जातो. म्हणून मी कृष्ण पक्षाचा शेवट धरला. बोटीचं तिकीट नेमकं महाशिवरात्रीचं आलं. ते माझ्या लक्षात आलं तेव्हा पैसे भरून झाले होते. आईला फोन केला तर ती म्हणाली, "बरं झालं की. उपास असला म्हणजे तिथल्या जेवणाचा प्रश्नच नको." तिकीट माणशी साधारण 1700 क्रोनर होतं, तेव्हाचे साडेतेरा हजार रुपये. त्यातलं आईच्या वाटचं जेवण वायाच जाणार होतं. दादाला मी हे सांगितलं नाही.

मार्चच्या सुरुवातीला ट्रॉम्सोत पाचच्या सुमारास सूर्य मावळतो, पण उजेड बराच वेळ रेंगाळतो. साडेसहाला बोट सुटली. मोठ्या पुलाखालून जाताना पलीकडच्या काठावरचं ते त्रिकोणी पांढरं चर्च, आर्क्टिक कॅथीड्रल, उजळलेलं दिसतं. मग बोट सामुद्रधुनीतून उत्तरेकडे निघते आणि गावाचे दिवे मागे पडतात. पाणी अगदी संथ, कारण बाहेरच्या समुद्राकडून बेटांचा आडोसा आहे. आईला बोट लागेल ही माझी मोठी धास्ती होती. ती राजगिऱ्याच्या लाडवाचा डबा मांडीवर घेऊन काचेतून बाहेर बघत बसली होती, तिला काहीही झालं नाही.

साडेसातनंतर आत जेवण मांडलं. माशाचं सूप, पाव, लोणी, नंतर चॉकलेटचा केक. मासे खाणाऱ्यांना सूप आवडेल, लेकीने दोन वाट्या घेतल्या. पण जेवण म्हटलं की दिवे आले. आतले सगळे दिवे पूर्ण लावलेले आणि काचांवर आपलीच तोंडं दिसायला लागली. अंधाराला सरावायला डोळ्यांना वीस मिनिटं ते अर्धा तास लागतो. तेवढ्या वेळात सरावलेले डोळे एकदा मोबाइलच्या पडद्याकडे बघितलं की परत शून्यावर येतात. चाळीस माणसं काळोखातून आणून लख्ख उजेडात बसवली, आणि तेही ढग फाटल्यावर. माझी त्या बोटवाल्यांवर ही एकच तक्रार आहे, पण ती मोठी आहे. टेबलावर मंद लाल दिवे ठेवायला काय जातं? लाल उजेडाने डोळ्यांचा सराव फारसा मोडत नाही. हे त्या धंद्यातल्या माणसांना माहीत नाही असं मी मानणार नाही.

आईला माशाचा वास सोसेना. उपासाच्या दिवशी तर नाहीच. ती म्हणाली, मी बाहेर बसते. बोटीवर जाड ओव्हरऑल दिले होते, ते तिने साडीवरूनच चढवलं, त्यावर स्वतःची शाल गुंडाळली आणि आम्ही दोघी मागच्या डेकवर गेलो. पारा उणे चारला होता. डेकवर बर्फाचा पातळ थर, म्हणून मी तिचा दंड घट्ट धरून तिला बाकावर बसवलं. तिथे वीस-पंचवीस मिनिटं आम्ही नुसत्या बसलो. कोणी नव्हतं. इंजिनाची घरघर तेवढी पायाला जाणवत होती.

मग आई म्हणाली, "तो ढग बघ. तो हलतोय तसा ढग हलत नाही."

मला आधी काही वेगळं वाटलं नाही. उत्तरेकडे डोंगराच्या वर आडवा पांढुरका पट्टा होता, धुरासारखा. तो हळूहळू जाड झाला, मग त्याला मधेच एक दुमड पडली, आणि गच्चीवर वाळत घातलेलं लुगडं वाऱ्याने खालच्या काठाशी हलतं तसा तो सबंध पट्टा खालून हलायला लागला. तेव्हा मला तो हिरवा दिसला. चांगला हिरवा. फोटोत असतो तसा पोपटी नव्हे, पण हिरवा, ह्यात शंका नाही.

आणि इथे आईने जे केलं ते मी कधीच विसरणार नाही. तिच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आदल्या वर्षी झालं होतं, उजव्याचं राहिलं होतं. ऑपरेशन झाल्यापासून तिला एक सवय लागली होती. रोज सकाळी भिंतीवरच्या कॅलेंडरातली तिथी ती एकदा डावा डोळा झाकून आणि एकदा उजवा झाकून वाचायची. त्या बाकावर बसून तिने हातमोजा काढला, डावा डोळा तळव्याने झाकला, आभाळाकडे बघितलं. मग उजवा झाकला. पुन्हा डावा. असं चार-पाच वेळा केलं आणि म्हणाली, "अगं, ह्या डोळ्याने बघितलं तर भाताच्या पेजेसारखं आहे. आणि ह्या डोळ्याने हिरवे मूग भिजवल्यावर वर पाणी येतं ना, तसं."

दादाच्या सगळ्या बोलण्याला ह्यापेक्षा चांगलं उत्तर माझ्याकडे नाही. तिच्या हातात कॅमेरा नव्हता. मोबाइल पर्समध्ये, पर्स आत खुर्चीवर. एकच आभाळ, एकच बाई, दोन डोळे, आणि रंग दोन.

हे असं का होतं ते मी नंतर वाचलं. साधारण 100 ते 150 किलोमीटर उंचीवर ऑक्सिजनच्या अणूंवर वरून इलेक्ट्रॉन आदळतात आणि ते अणू हिरवा प्रकाश टाकतात, 557.7 नॅनोमीटरचा. तो हिरवा रंग खराच तिथे असतो, कॅमेरा तो तयार करत नाही. पण आपल्या डोळ्यातल्या ज्या दंडाकार पेशी अंधुक उजेडात काम करतात त्यांना रंग कळत नाही. रंग कळतो तो शंकूकार पेशींना, आणि त्यांना जास्त प्रकाश लागतो. म्हणून अरोरा फिका असला की सगळ्यांनाच पांढुरका दिसतो, आणि जोरात आला की हिरवा, कधी खालच्या कडेला गुलाबी. ती कडा नायट्रोजनची. आता मोतीबिंदू झालेल्या डोळ्याचं भिंग पिवळट-तपकिरी आणि गढूळ झालेलं असतं, त्यातून आत जाणारा प्रकाशच कमी. मग जो अरोरा मला हिरवा दिसला तो तिच्या उजव्या डोळ्याला पेजेच्या पातळीवरच राहिला. दादाचं वाक्य अर्धं खरं होतं, हे मी मान्य करते. कॅमेरा आठ-दहा सेकंद प्रकाश साठवतो, म्हणून फोटो भडक येतो. पण "डोळ्यांना काही दिसत नाही" हे खोटं आहे, आणि जाऊन न बघता बोललेलं खोटं आहे.

मी लेकीला बोलवायला आत धावले. चमचे वाजत होते, कोणाला पत्ता नव्हता. बोटीवरच्या माणसांनी घोषणा केली तोवर पाच-सहा मिनिटं गेली होती, मग सगळे एकदम दाराशी, उजेडातून आलेले डोळे, हातात मोबाइल, दोघांतिघांचे फ्लॅश चालू. अरोराचा जोर तोवर ओसरला होता. आमच्या शेजारी उभं असलेलं एक जोडपं सारखं एकमेकांना विचारत होतं, कुठे आहे, कुठे आहे. अरोरा त्यांच्या डोक्यावर होता. नंतर परतताना एक फिकट कमान पुन्हा दिसली, पण तो पहिला जोर पुन्हा आला नाही.

बसबद्दल. बसवाल्यांचा एक फायदा मोठा आहे आणि तो मान्य केलाच पाहिजे. ढग असले तर बस दीडशे किलोमीटर आत जाऊ शकते, स्किबोत्नच्या खोऱ्यात, अगदी फिनलंडच्या हद्दीपलीकडे किल्पिसयार्वीपर्यंत. तिकडे हवा कोरडी, आभाळ जास्त वेळा मोकळं. बोट दोन-तीन तासांत किती लांब जाणार? किनाऱ्यावर ढगांची गादी पसरली असेल तर बोट तिच्याखालीच फिरते. पण बस म्हणजे सहा-आठ तासांचा प्रवास, रात्री एक-दोनला परत, आणि मध्ये रस्त्याच्या कडेला बर्फात उभं राहायचं. आईचे गुडघे आणि दर दीड तासाला लागणारं बाथरूम, हे धरलं तर बस आमच्यासाठी नव्हतीच. हे कुठल्याही जाहिरातीत लिहिलेलं नसतं. बोटीवर बाथरूम असतं, गरम केबिन असते, माणूस दमला तर आत जाऊन बसतो. ज्येष्ठ माणसांसाठी ह्याहून मोठा मुद्दा कुठला?

तुमच्या तिकिटाविषयी आणखी थोडं. दोन फेऱ्या असतील तर उशिराची घ्या. जोरदार अरोरा तिकडे सहसा रात्री नऊ ते बाराच्या दरम्यान जास्त दिसतो. बुक करताना स्पष्ट विचारा, जेवण कधी वाढता आणि तेव्हा दिवे कमी करता का. कुठल्याही ॲपमधल्या केपीच्या आकड्यावर जीव टाकू नका. ट्रॉम्सो 69 अंश उत्तरेला आहे, अरोराच्या पट्ट्याखालीच, तिथे केपी दोन असला तरी पुरतो. बघायचं ते ढगांचं अनुमान. शाकाहारी जेवण आधी कळवलं तर मिळतं, पण चव फार धरू नका, बरोबर दशम्या किंवा लाडू ठेवा. आणि एकाच संध्याकाळवर सगळं टांगू नका. किमान चार रात्री राहा, आणि बोटीचं तिकीट शक्य असेल तर हवेचा अंदाज बघून दोन दिवस आधी काढा. मला नशिबाने पहिल्याच फेरीत मिळालं, ढगाळ रात्री तेच साडेतेरा हजार फक्त सूपचे झाले असते, आणि आमच्या तिकिटात परताव्याची सोय नव्हती. ट्रायपॉड नेऊ नका, बोट थरथरते, फोटो हलतात.

परत आल्यावर मी दादाला पेज आणि मुगाच्या पाण्याचं सांगितलं. तो हसला आणि विषय बदलला. मग मे महिन्यात ते मोठं सौरवादळ आलं, लडाखला हानलेच्या वेधशाळेच्या कॅमेऱ्यांनी लाल अरोरा टिपला. दादाने तो फोटो मला पाठवला, खाली लिहिलं, बघ, भारतातच दिसतंय, कशाला गेलीस? जो माणूस आदल्या महिन्यापर्यंत कॅमेऱ्याची करामत म्हणत होता तो आता कॅमेऱ्याचाच फोटो पुरावा म्हणून पाठवत होता. मी त्याला फोन केला आणि अरोराविषयी एक शब्द बोलले नाही. उजव्या डोळ्याचं विचारलं. ते ऑपरेशन दीड वर्ष "एका डोळ्याने भागतंय की" म्हणून पुढे ढकललं जात होतं. आई स्वतः कधी म्हणणार नाही, त्या पिढीच्या बायका म्हणत नाहीत, आणि घरातल्यांना ते सोयीचं पडतं. जूनमध्ये मी सांगलीला गेले, आणि ऑपरेशन करूनच परत आले.

म्हणून तुम्हाला न विचारलेलं सांगते. क्रूझ बुक करण्याआधी आई-वडिलांचे डोळे तपासून घ्या, दोघांचेही, दोन्ही डोळे. ऑपरेशन निघालं तर विमानप्रवास कधी चालेल ते डॉक्टरांना विचारूनच तारखा ठरवा. आणि बोटीवर जेवणाची घंटा झाली की त्यांना शाली गुंडाळून मागच्या डेकवर घेऊन जा. सूप नंतर गरम करून देतात, आम्ही मागितलं तर दिलं.