गोचिडासाठी पिकाचं औषध म्हशीवर नको

प्रश्न: म्हशीला गोचीड फार झालेत. दुकानदाराने कपाशीवरचं क्लोरपायरीफॉस पाण्यात कालवून अंगाला पुसायला सांगितलं. "पाण्यात मिसळतं, दोन दिवसांत लघवीवाटे निघून जातं," म्हणाला. पुसून झालं. दूध चालेल का?

उत्तर: नाही. घरी नको, डेअरीला नको, रेडकालाही पाजू नका. हातमोजे घालून म्हैस साबणाने, भरपूर पाण्याने धुवा. लाळ गळत असेल, अंग थरथरत असेल तर एक मिनिट न दवडता पशुवैद्यकांना बोलवा आणि औषधाचा डबा दाखवा. दूध पुन्हा कधी घ्यायचं ते तेच सांगतील.

आता "पाण्यात मिसळतं" याबद्दल. डब्यावर 'ईसी' लिहिलेलं असतं, म्हणजे पाण्यात थेंबाथेंबाने पसरणारं तेलकट औषध. पाण्यात ओतलं की पांढरं होतं ते विरघळल्यामुळे नव्हे. न विरघळलेले बारीक थेंब पाण्यात पसरतात म्हणून. हे कीटकनाशक लिटरभर पाण्यात जेमतेम दीड मिलिग्रॅम विरघळतं. चरबीत मात्र सहज मुरतं. म्हणून ते कातडीतून आत शिरतं, अंगातल्या चरबीत बसतं आणि दुधातल्या स्निग्धांशात उतरतं. लघवीवाटे जायचं तर आधी यकृताने ते मोडून पाण्यात विरघळण्याजोगं करावं लागतं. ते काम चालू असतानाच तुम्ही आठवड्याने पुन्हा पुसता, वर "गोचीड मेले नाहीत" म्हणून झाकणभर जास्त. मग साठा वाढणारच. डीडीटी हे जुनं कीटकनाशक तर यकृताला नीट मोडताच येत नाही, त्यामुळे ते चरबीत वर्षानुवर्षं राहतं. शेतीत 1989 पासून बंदी आहे ती उगाच नाही. म्हैस व्याल्यावर उतरते, चरबी झिजते, आणि असं साठलेलं विष दुधावाटे रेडकाच्या तोंडी जातं. दूध उकळलं म्हणजे विष गेलं, असा भरवसा ठेवू नका. किलोभर तुपाला पंधरा लिटरच्या आसपास म्हशीचं दूध आटतं, म्हणजे एवढ्या दुधातलं विष किती थोड्या तुपात येतं ते बघा.

पाण्यात विरघळणारं औषध बिनधोक, असंही समजू नका. मोनोक्रोटोफॉस हे पिकावरचं कीटकनाशक पाण्यात पूर्ण विरघळतं, चरबीत साठत नाही, पण काही तासांत जनावर आडवं करतं. फवारलेल्या बांधाचं गवत कापून घालू नका.

प्रश्न: मग आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन द्यावं का? दुकानदार दुप्पट डोस सांगतो.

उत्तर: दुभत्या जनावराला नाही. तेही चरबीत मुरणारं आहे, दुधात बरेच दिवस येत राहतं. भाकड जनावराला पशुवैद्यकांनीच द्यावं: 1 टक्क्याचं इंजेक्शन 50 किलो वजनाला 1 मिली, कातडीखाली. व्यायला महिना उरला असेल तर तेही नको. दुप्पट डोस नको, म्हणजे नकोच. शेणातून बाहेर पडलं की शेणकिडेही मरतात.

माझं ऐकाल तर गोठा धरा. गोचिडाची मादी जनावरावरून गळून पडते आणि भेगांत हजारो अंडी घालते. नुसतं अंग पुसून काय होणार? भेगा सिमेंटने बुजवा, भिंतींना चुना द्या, कोपऱ्यातला कचरा जाळा, गोठ्यात चार कोंबड्या सोडा. रोज खरारा करा, निघालेले गोचीड रॉकेलात टाका. नवीन जनावर आणलं तर पंधरा दिवस वेगळं बांधा.

फवारणीविना वैरणीचा तुकडा स्वतंत्र ठेवा. बियाण्याच्या अनुदानाचं पंचायत समितीत पशुधन विकास अधिकाऱ्यांना विचारा, कडबाकुट्टीचा अर्ज महाडीबीटीवर. गोचिडाचं औषध घ्यायचंच तर जनावरांसाठी म्हणून छापलेलं, पशुवैद्यकांच्या चिठ्ठीवर घ्या, आणि दूध किती दिवस टाकायचं ते चिठ्ठीवरच लिहून घ्या.