स्वतः डिझाईन केलेली पोस्टकार्डं छापून टपालानं पाठवायची आहेत. फोटो किती डीपीआयचा हवा, कागद ग्लॉसी घ्यावा की मॅट, आणि घरच्या प्रिंटरवर जमेल का?

तुमच्या प्रश्नात चित्राच्या बाजूबद्दल सगळं आहे. मागच्या बाजूबद्दल एक अक्षर नाही. म्हणून लिहायला बसले.

पोस्टकार्डाचं डिझाईन मागच्या बाजूपासून सुरू करा. आधी पत्ता, तिकीट आणि मजकुराची जागा पक्की करा, मग चित्राकडे वळा. चित्र फसलं तर कार्ड जरा कमी देखणं होईल, तरी पोहोचेल. मागची बाजू फसली तर हातात फक्त जाड कागदावरचा फोटो उरतो.

मी छापखान्यात प्रीप्रेसला आहे. डिझायनरकडून आलेली फाईल मशीनवर चढण्याआधी माझ्याकडून तपासून जाते. पण हे मी नोकरीत शिकले म्हणून सांगत नाही, घरात घडलं म्हणून सांगते.

आमचे बाबा शाईच्या पेनानं रेखाटनं काढतात. जुनी दारं, भिंतीला टेकवलेल्या सायकली, झोपलेली मांजरं. नोकरीत होते तेव्हा जमेल तसं, निवृत्तीनंतर रोज. त्यातली निवडक रेखाटनं पोस्टकार्डांवर छापायची आणि बाबांनी ती नातेवाइकांना, जुन्या सहकाऱ्यांना स्वतःच्या हातानं चार ओळी लिहून पाठवायची, असं ठरलं. माझा मोठा भाऊ जाहिरातीच्या क्षेत्रात डिझायनर आहे, त्यामुळे काम त्याच्याकडे गेलं. छपाईही त्यानं त्याच्या ओळखीतून करून घेतली. मी मागच्या बाजूचा विषय काढला तेव्हा म्हणाला, "अगं, मागे काय असतं? पत्ता लिहायची जागा. ती राहील की."

कार्डं आली. दिसायला सुंदर होती, त्यात वाद नाही. दोन्ही बाजूंना ग्लॉस लॅमिनेशन, मागच्या बाजूभर त्याच रेखाटनाची फिकट मोठी छटा, आणि आमच्या घरचा पत्ता उजवीकडे अगदी तळाला, नाजूक टाईपात.

बाबा टेबलाशी बसले, पेनात शाई भरली आणि पहिल्या कार्डावर 'प्रिय' लिहिलं. शाई धरलीच नाही. रेघ आकसून तिचे बारीक थेंब झाले आणि पुढचा शब्द लिहिताना तळहाताची कड लागून सगळं फासलं. मग बॉलपेन घेतलं. ते घसरत होतं, एक वेलांटी उमटे, दुसरी नाही. शेवटी मी परमनंट मार्कर आणून दिला. बाबांचं अक्षर बारीक आणि लपेटीचं. मार्करच्या जाड टोकानं जागा दोन ओळींतच भरली. पुढच्या कार्डांवर त्यांनी मजकूर लिहिलाच नाही, नुसती सही केली. कुणाला काय लिहायचं ते त्यांनी आधी वहीत काढून ठेवलं होतं. ती वही मी पाहिली होती, म्हणून मला ते जास्त लागलं.

तिकिटांचंही तेच. मागचा गोंद ओला करून तिकीट चिकटवलं की कागद ते पाणी पितो आणि तिकीट धरून ठेवतो. प्लास्टिकची फिल्म पाणी पीत नाही. सकाळपर्यंत तिकिटांच्या कडा उचलल्या होत्या. आणि पाठवलेल्यांपैकी काही कार्डं फिरून आमच्याच घरी आली, शिक्क्याची शाई न सुकल्यामुळे एकमेकांना माखलेली. टपालाची गावागणिक विभागणी करणारं यंत्र पत्ता शोधताना सहसा खालच्या ओळींना महत्त्व देतं. बाबांनी मार्करनं लिहिलेला पत्ता वर होता आणि आमचा स्वच्छ छापील पत्ता खाली. यंत्रानं आमचा उचलला.

दादा म्हणाला, टपालवाल्यांचा घोळ आहे. मी म्हटलं, टपालवाल्यांनी कार्डावर होतं तेच वाचलं. त्यावरून जो वाद झाला तो अजून पुरता मिटलेला नाही.

त्याचे मुद्दे दोन. पहिला असा की पोस्टकार्ड म्हणजे चित्र, बाकी सोय. हे मला अजिबात पटत नाही, आणि इतिहासही त्याच्या बाजूनं नाही. पहिलं सरकारी पोस्टकार्ड १ ऑक्टोबर १८६९ रोजी ऑस्ट्रिया-हंगेरीत निघालं. ते सुचवणारे इमानुएल हेरमान अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांचा विचार सरळ हिशेबाचा होता: चार ओळींच्या निरोपासाठी पूर्ण पत्राचा आणि पाकिटाचा खटाटोप कशाला? त्या कार्डावर चित्र नव्हतंच. एका बाजूला पत्ता, दुसऱ्या बाजूला निरोप. चित्र मागाहून आलं आणि त्यानं निरोपाचीच जागा बळकावली, कारण पत्त्याच्या बाजूला पत्त्याखेरीज काही लिहायला मनाई होती. लोक चित्राच्या कडेच्या पांढऱ्या पट्टीत, चित्रातल्या मोकळ्या आभाळावर कसाबसा मजकूर बसवायचे. ब्रिटननं १९०२ मध्ये पत्त्याच्या बाजूचे दोन भाग करायला परवानगी दिली, अमेरिकेनं १९०७ मध्ये. आज मधोमध दिसणारी उभी रेघ ही अशी मिळवलेली आहे. लिहायला जागा हवी म्हणून नियम बदलावे लागले, आणि आपण त्याच जागेवर प्लास्टिक चढवायचं?

त्याचा दुसरा मुद्दा मात्र खरा आहे. एकाच बाजूला लॅमिनेशन केलं तर कार्ड वळतं. उघडी बाजू हवेतली ओल घेते आणि फुगते, फिल्मची बाजू आहे तेवढीच राहते, त्यामुळे कार्डाला बाक येतो. म्हणून तो दोन्ही बाजूंना करा म्हणतो. मी म्हणते, लॅमिनेशनच करू नका. आणि मॅट लॅमिनेशनवर लिहिता येतं असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. मॅट असली तरी ती फिल्मच. हाताला कागदासारखी लागते, शाईला नाही. यूव्ही कोटिंगचं, म्हणजे अतिनील प्रकाशानं वाळवलेल्या लेपाचंही तेच.

तर तुमच्या ग्लॉसी की मॅट या प्रश्नाचं उत्तर: मागच्या बाजूला दोन्ही नको. चित्राला चकाकी हवीच असेल तर एका बाजूनं कोटेड (गुळगुळीत लेप दिलेला) आणि दुसऱ्या बाजूनं साधा, म्हणजे अनकोटेड, असा जाड कागद मिळतो, तो घ्या. छापखान्यात 'आर्ट कार्ड' एवढंच सांगितलं तर बहुधा दोन्ही बाजूंनी कोटेड हाती येतं आणि त्यावर शाई फासते, तेव्हा मागची बाजू अनकोटेड हवी हे स्पष्ट सांगा. वजन ३०० जीएसएम (दर चौरस मीटरला इतके ग्रॅम). २५० ला कार्ड लवचीक लागतं पण चालतं, त्याखाली जाऊ नका. रेखाटनं, जलरंग किंवा मऊ रंगांचे फोटो असतील तर सरळ दोन्ही बाजूंनी अनकोटेड घ्या. त्यावर रंग थोडे शोषले जातात आणि गडद भाग भरून येतो, म्हणून फोटोतल्या सावल्या जरा उजळ करून द्या.

आकार ए६, म्हणजे १०५ × १४८ मिमी. जागतिक टपाल संघाच्या नियमांत पोस्टकार्ड किमान ९ × १४ आणि कमाल १२ × २३.५ सेंमी, लांबी रुंदीच्या १.४ पट तरी, आणि उजवा अर्धा भाग पत्ता, तिकीट व टपालाच्या खुणांसाठी राखीव, असं आहे. ए६ यात नेमकं बसतं. चौकोनी कार्ड देखणं दिसतं, पण ते या मापात बसत नाही आणि बऱ्याच ठिकाणी त्याला जास्तीचं तिकीट लागतं.

रिझोल्यूशनचं फार मनावर घेऊ नका. ३०० डीपीआयला ए६ म्हणजे १७४८ × १२४० पिक्सेल. चारी बाजूंना ३ मिमी ब्लीड, म्हणजे कापताना जाणारी वाढीव कड, धरलं तर १८१९ × १३११. आजच्या कुठल्याही फोनचा मूळ फोटो याच्या कितीतरी वर असतो. मूळ फोटो, व्हॉट्सअॅपवरून फिरून आलेला नव्हे. फोनचा फोटो ४:३ असतो आणि कार्ड त्याहून किंचित लांबट, त्यामुळे लांबीच्या कडांना थोडं कापलं जाणार. कोण कापलं जातंय ते तुम्ही ठरवा, मशीनवर सोडू नका.

रेघांच्या चित्रांना मात्र ३०० पुरत नाही. बाबांची रेखाटनं मी ग्रेस्केलमध्ये (काळ्या-करड्या छटांत) १२०० डीपीआयला स्कॅन केली. कमी रिझोल्यूशनला तिरक्या रेघांना पायऱ्या दिसतात, आणि शाईच्या पेनाची सगळी मजा तर रेघेच्या जाड-बारीक होण्यात असते. रेघ काळी असेल तर ती फक्त काळ्या शाईत ठेवा, फाईलमध्ये के १००, म्हणजे काळी शंभर टक्के. चार रंगांतून बनवलेला काळा छापताना केसभर जरी सरकला तरी बारीक रेघेच्या कडेला रंगीत सावली दिसते. स्क्रीनवरचे झगझगीत निळे-हिरवे सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार शायांत, उतरत नाहीत. ते आधीच बदलून पाहा आणि मगच फाईल पाठवा.

आता मागची बाजू. दुसऱ्यांदा कार्डं छापली तेव्हा ती मी मांडली. मधोमध एक उभी रेघ, ०.५ पॉइंट, पूर्ण काळी. तीच रेघ ३० टक्के करड्यात दिली तर छपाईत ती ठिपक्यांत फुटते आणि तुटक दिसते, हे डिझायनर लोक पुन्हा पुन्हा करतात. उजवीकडे वरच्या कोपऱ्यात तिकिटाची चौकट हवी तर द्या, नाही दिली तरी बिघडत नाही. आपला पत्ता डाव्या भागात वरती, लहान टाईपात. तळाची सुमारे २ सेंमी पट्टी पूर्ण कोरी, कारण बऱ्याच देशांत विभागणीचं यंत्र तिथे बारकोड छापतं आणि खाली लिहिलेल्या ओळी झाकल्या जातात. चित्राची माहिती द्यायची असेल तर मधल्या रेघेशी उभी चालवा. डावीकडच्या भागात याखेरीज काहीही छापू नका. फिकट छटा नको, आडव्या रेघा नकोत, सुविचार तर नकोच. ती जागा लिहिणाऱ्याची आहे.

त्या कार्डांवर बाबांनी वहीतला मजकूर उतरवला. जागा संपली की कडेनं उभं लिहीत गेले. ज्यांना आधी नुसती सही गेली होती त्यांनाही पुन्हा पाठवलं, आणि या वेळी उत्तरं आली. एका जुन्या सहकाऱ्यानं तर बाबांच्याच रेखाटनातल्या सायकलीला स्वतःच्या हातानं घंटी काढून कार्ड उलट पाठवलं. दोन्ही बाजूंना लॅमिनेशन केलेल्या कार्डावर त्याला हे करता आलं असतं का, असं मी दादाला विचारलं. तो म्हणाला, ते वेगळं. मला ते वेगळं वाटत नाही.

घरच्या प्रिंटरचं राहिलंच. जमतं. प्रिंटर इंकजेट असेल आणि कागद मागून सरळ आत जात असेल तर जाड कागदही घेतो, मॅन्युअलमध्ये कमाल जीएसएम दिलेलं असतं ते पाहा. खालच्या ट्रेमधून कागद वळवून घेणारे प्रिंटर जाड कार्डाला अडतात. डाय शाई (विरघळलेल्या रंगाची) पाण्याच्या थेंबानं पसरते, पिगमेंट शाई (रंगाच्या बारीक कणांची) बरीच टिकते. टपालात कार्ड भिजणार हे धरून चाला. लेझरचा टोनर पाण्याला दाद देत नाही, पण खरखरीत कागदावरून खरवडला जातो. ए४ मध्ये चार ए६ काटेकोर बसतात, म्हणजेच ब्लीडला जागा उरत नाही. चित्राभोवती पांढरी किनार ठेवा, ५ मिमीहून कमी नको, म्हणजे कापताना थोडं इकडेतिकडे झालं तरी डोळ्यांत भरत नाही. मागची-पुढची बाजूही घरी तंतोतंत जुळत नाही, तेव्हा कडेला लागून चौकट काढू नका. आणि कात्रीनं कापू नका, पोलादी पट्टी आणि धारदार कटर घ्या.

हे सगळं मी लिहून पाठवायच्या कार्डांबद्दल सांगते आहे. भिंतीवर लावायला किंवा भेट म्हणून पाकिटात घालून द्यायला छापत असाल तर लॅमिनेशन खुशाल करा, दादाची कार्डं ज्यांच्याकडे आहेत त्यांच्याकडे ती अजून नव्यासारखी आहेत. पत्ता लिहिण्याऐवजी लेबल चिकटवणार असाल तरी कोटेड चालेल. मापाचे आणि तिकिटाचे नियम देशागणिक थोडे बदलतात, तेवढं तुमच्या टपाल खात्याकडे आधी पाहून घ्या.

आणि सगळी छापायच्या आधी त्याच कागदाचा नमुना मागून घ्या. ज्या पेनानं लिहिणार त्याच पेनानं त्यावर चार ओळी लिहा, मिनिटभरानं बोट फिरवा, तिकीट लावा आणि स्वतःच्याच पत्त्यावर टपालात टाका. डिझाईन दुसरं कुणी करत असेल तर त्या चार ओळी त्यालाच लिहायला लावा. आमच्याकडे पोस्टकार्डाचं काम आलं की मी प्रत्येक डिझायनरला हेच सांगते. दादालाही सांगितलंय.