शेगडीसाठी इन्व्हर्टर, आणि इन्व्हर्टरसाठी राखीव निधी

पत्र थोडक्यात असे आहे. वाचकाचे वय 58 असून निवृत्तीला दोन वर्षे उरली आहेत. पती-पत्नींनी कर्ज न काढता, स्वतःच्या बचतीतून मोटरहोम, म्हणजे राहण्याची सोय असलेली गाडी, घेतली आहे आणि वर्षातले साधारण दोन महिने ते त्यात राहणार आहेत. विक्रेत्याने त्यांना ‘संपूर्ण विजेवरचे स्वयंपाकघर’ असे पॅकेज सुचवले आहे. त्यात 2000 वॉटची इंडक्शन शेगडी, 12 व्होल्टच्या 200 अँपिअर-तासांच्या दोन लेड-अॅसिड बॅटऱ्या, छतावर 400 वॉटचे सौर पॅनेल आणि इन्व्हर्टर येतो. वाचकाचा प्रश्न एवढाच आहे की 3000 वॉटचा एक इन्व्हर्टर घ्यावा की 1500 वॉटचे दोन, म्हणजे एक बिघडला तरी दुसऱ्यावर स्वयंपाक होईल. त्यांची ओळख उघड होऊ नये म्हणून रकमा मी त्यांच्या मासिक घरखर्चाच्या पटीत मांडतो. पॅकेजची किंमत आठ महिन्यांच्या घरखर्चाएवढी आहे. त्यातली निम्मी रक्कम पाच महिन्यांच्या राखीव निधीतून आणि निम्मी विक्रेत्यानेच मिळवून दिलेल्या पाच वर्षांच्या कर्जातून यायची आहे, ‘फक्त 10 टक्के फ्लॅट’ व्याजाने.

विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. दोन साध्या इन्व्हर्टरांच्या तारा एकत्र जोडून एक शेगडी चालवता येत नाही. त्यांच्या वीजलहरी एकमेकींशी जुळत नाहीत आणि जोडताक्षणीच बिघाड होतो. समांतर जोडणीसाठी मुद्दाम बनवलेली, एकमेकांशी ताळमेळ राखणारी यंत्रेच अशी जोडता येतात. एक बिघडल्यावर उरलेला 1500 वॉटचा इन्व्हर्टर 2000 वॉटची शेगडी पेलणार नाही. शेगडी 1000 वॉटवर ठेवू, असे तुम्ही लिहिले आहे. परंतु अनेक स्वस्त इंडक्शन शेगड्या कमी आकड्यावर ठेवल्या तरी काही सेकंद पूर्ण ताकदीने चालतात आणि काही सेकंद बंद राहतात, त्यामुळे सरासरी 1000 भरली तरी इन्व्हर्टरवर 2000 चाच भार येतो आणि तो बंद पडतो. तेव्हा घ्यायचाच असेल तर 3000 वॉटचा, प्युअर साइन वेव्ह प्रकारचा, म्हणजे घरच्या विजेसारखी सलग वीजलहर देणारा, एकच घ्यावा.

पण तो घेऊच नये, असे माझे मत आहे, आणि त्याचे कारण बॅटरीपासून सुरू होते. 2000 वॉटची शेगडी 12 व्होल्टवर चालवताना, इन्व्हर्टरमधली घट धरून, बॅटरीतून सुमारे 190 अँपिअर प्रवाह ओढला जातो. दोन्ही बॅटऱ्यांवर छापलेल्या क्षमतेची बेरीज 4.8 युनिट होते, मात्र लेड-अॅसिड बॅटरी निम्म्याहून खाली उतरवली की तिचे आयुष्य झपाट्याने घटते, म्हणून वापरायला 2.4 युनिटच उरतात. छापलेली क्षमता तासन्‌तास सावकाश वीज काढल्यास मिळते. एवढा प्रवाह ओढल्यावर ती आणखी कमी भरते. दोघांच्या दिवसभराच्या स्वयंपाकाला शेगडीपाशी सव्वा युनिट, म्हणजे बॅटरीतून जवळजवळ दीड युनिट लागेल. इन्व्हर्टर दिवसभर नुसता चालू राहिला तरी 30 वॉटच्या हिशेबाने पाऊण युनिट जाते, हे विक्रेत्याच्या तक्त्यात कुठेच नाही. सपाट छतावरचे 400 वॉटचे पॅनेल लख्ख उन्हात दिवसाला दीड युनिटाच्या आसपास देते आणि ढगाळ दिवशी त्याच्या चौथाईवर येते. सलग दोन ढगाळ दिवस आले की स्वयंपाक थांबेल.

याच्या शेजारी गॅस ठेवून पाहा. एक किलो गॅसमध्ये जवळजवळ 13 युनिट उष्णता असते. शेगडीवर त्यातली निम्म्याहून अधिक वाया गेली, तरी तेवढाच स्वयंपाक विजेवर करायला बॅटरीतून सुमारे सात युनिट लागतील. म्हणजे तुमच्या या दोन्ही बॅटऱ्या मिळून, ज्यांचे वजन शंभर किलोच्या वर जाईल, तीनदा भरून रिकाम्या कराव्या लागतील.

‘पाच वर्षांत पैसे वसूल’ हा दावा आता तपासू. तुमच्याच खर्चाच्या तक्त्यात गॅसवर मासिक खर्चाचे 3 टक्के जातात. प्रवासाचे दोन महिने धरले तर वर्षाची बचत एका महिन्याच्या खर्चाच्या 6 टक्के होते आणि किंमत आठ महिन्यांची आहे. या गतीने वसुलीला सव्वाशेहून अधिक वर्षे लागतील. मग पाच वर्षे आली कुठून? विक्रेत्याने हॉटेलच्या जेवणाचा वाचणारा खर्च पॅकेजच्या खात्यात जमा धरला आहे. तो खर्च गाडीत स्वयंपाक केल्याने वाचतो आणि गॅसच्या साध्या शेगडीनेही तेवढाच वाचेल. ज्याने हा तक्ता बनवला त्याला हे ठाऊक नसेल, असे मला वाटत नाही, आणि म्हणूनच त्याचा मला राग येतो.

कर्जाचीही तीच तऱ्हा आहे. फ्लॅट व्याज म्हणजे मुद्दल फिटत गेले तरी पाचव्या वर्षीही मूळ पूर्ण रकमेवर आकारलेले व्याज. चार महिन्यांच्या रकमेवर तुम्ही सहा महिन्यांची रक्कम फेडाल. घटत्या शिलकीवर मोजल्यास हा दर 17 टक्क्यांच्या वर जातो. हप्ता मासिक खर्चाच्या दहाव्या भागाएवढा आहे म्हणून तुम्हाला तो हलका वाटतो. पण त्यातली तीन वर्षे तुमच्या निवृत्तीनंतरची आहेत. वर्षातले दहा महिने उभ्या गाडीत अर्धवट चार्ज राहिलेल्या लेड-अॅसिड बॅटऱ्या कर्ज फिटेपर्यंत टिकल्या तरी पुष्कळ झाले. त्यानंतर नव्या बॅटऱ्यांसाठी पैसे पुन्हा काढावे लागतील.

तुम्ही न विचारलेली आणि मला सर्वांत गंभीर वाटणारी गोष्ट मात्र राखीव निधीची आहे. पाच महिन्यांचा निधी 58 व्या वर्षी मुळातच अपुरा आहे. निवृत्तीच्या उंबरठ्यावर तो निदान बारा महिन्यांचा असावा. तो वाढवण्याऐवजी तुम्ही एक महिन्यावर आणत आहात, तेही दुरुस्ती मागणारी मोठी गाडी घेतल्यानंतरच्या पहिल्याच वर्षी. नोकरी दोन वर्षांऐवजी सहा महिन्यांतच संपली, गिअरबॉक्स गेला किंवा दोघांपैकी एकाला रुग्णालयात दाखल करावे लागले, तर दुसऱ्याच महिन्यात तुम्हाला दीर्घ मुदतीची गुंतवणूक मोडावी लागेल किंवा महागडे कर्ज काढावे लागेल, आणि विजेच्या स्वयंपाकघराला त्या वेळी वापरलेल्या वस्तूचीच किंमत येईल.

म्हणून गाडीत जाणकाराकडून गॅसची शेगडी आणि गळतीसूचक यंत्र बसवून घ्या व हवा खेळती राहील अशी सोय करा. बाहेरून वीजजोडणी मिळते तिथे वापरायला एक सुटी इंडक्शन शेगडी ठेवा. तिला इन्व्हर्टर लागत नाही. दिवे, फोन आणि लॅपटॉप यांना 300 वॉटचा छोटा इन्व्हर्टर पुरतो. हे सारे मिळून महिन्याच्या खर्चाएवढेही होणार नाही आणि ते पगारातून भागेल. ज्या हप्त्याची तयारी तुम्ही केली होती, तेवढी रक्कम निवृत्तीपर्यंत दरमहा राखीव निधीत टाका; दोन वर्षांत त्यात जवळजवळ अडीच महिन्यांची भर पडेल. उरलेली तूट दरवर्षीच्या बोनसातून भरा. निधी बारा महिन्यांचा झाल्यावरही विजेवरच स्वयंपाक करावासा वाटला, तर तेव्हा लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीचा, म्हणजे लेड-अॅसिडपेक्षा खोलवर उतरवता येणाऱ्या बॅटरीचा, रोखीने विचार करू. सध्या पॅकेजच्या करारावर सही केली नसेल तर करू नका, आणि केली असेल तर तो रद्द करण्याचे कलम व त्याची मुदत आजच काढून वाचा.